भीतीचा डांगोरा

२०२४ सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात रस्त्याच्या कडेला एक मोठा फलक झळकू लागला. त्यावर चित्रपटाचे नाव नव्हते की नटाचे नव्हते. होता तो एक टेलिफोनचा नंबर. कुतूहलाने कोणी तो फिरवला, तर पलीकडून एक चिरका, लाडीगोडीचा आणि ऐकताच अंगावर काटा आणणारा पुरुषी आवाज बोलू लागे. त्याच सुमारास सिएटलच्या एका वर्तमानपत्रात सांकेतिक लिपीतला मजकूर छापून आला. इंटरनेटवर कधीही न घडलेल्या खुनांची खरी वाटावी अशी माहिती देणारे एक पान उघडण्यात आले. नाव-गाव नसलेल्या छोट्या छोट्या चित्रफिती एकामागून एक बाहेर पडू लागल्या. एका चित्रफितीत तर कमालच होती. चित्रपटाची नायिका मायका मन्रो हिने खुन्याचे सोंग घेतलेल्या निकोलस केजला प्रथम पाहिले, तेव्हा तिच्या हृदयाचे ठोके मिनिटाला ७६ वरून १७० वर गेले, असे सांगून ते ठोकेच लोकांना ऐकवले होते. त्या खुन्याचा चेहरा मात्र कोठेही दाखवायचा नाही, असा पण केलेला. ठोके कितपत खरे हे डॉक्टरांनी ठरवावे. युक्ती नामी होती यात शंका नाही.

१२ जुलैला ‘लाँगलेग्ज’ हा चित्रपट लागला. खर्च एक कोटी डॉलरांच्या आत, आणि पहिल्या तीन दिवसांचे अमेरिकेतील उत्पन्न सव्वादोन कोटी डॉलरांच्या घरात. निऑन या वितरक कंपनीच्या आयुष्यात एवढी मोठी सुरुवात त्यापूर्वी कधी झाली नव्हती. जगभराचा आकडा पुढे बारा कोटींच्या वर गेला. म्हणजे धंद्याच्या दृष्टीने गोष्ट इथेच संपली. माझ्या दृष्टीने ती इथे सुरू होते, कारण थिएटरातून बाहेर पडलेल्या माणसांची तोंडे सारखी नव्हती.

लास व्हेगासची सिनेमास्कोर नावाची एक संस्था पहिल्या दिवशीच्या प्रेक्षकांना दारातच गाठून त्यांचे मत विचारते आणि शाळेतल्यासारखी श्रेणी लावते. ‘लाँगलेग्ज’ला ‘सी प्लस’ मिळाली; म्हणजे काठावर पास. वर्तमानपत्री समीक्षकांपैकी बहुतेकांनी मात्र त्याची तारीफ केली होती. दहा वर्षांत एवढे भयंकर काही पाहिले नाही, अशा थाटाची वाक्ये जाहिरातीत झळकत होती. पैसे देऊन बसलेल्यांपैकी काहींची रात्री झोप उडाली, काहींना जांभया आल्या आणि काही केजच्या पांढऱ्याफटक पिठाळ चेहऱ्याला नि त्याच्या किंचाळून गाण्याला चक्क हसले. एकाच रांगेत, शेजारी शेजारी बसून.

श्रेणी लावण्याचा धंदा मीही करतो. त्यामुळे श्रेणीकडे मी जरा संशयानेच पाहतो. भयपटांना या संस्थेच्या हातून चांगले गुण सहसा मिळत नाहीत. २०१८ सालच्या ‘हेरेडिटरी’ला ‘डी प्लस’ मिळाला. आज तो त्या काळातील मोजक्या चांगल्या भयपटांत गणला जातो. २०१७ सालच्या ‘मदर!’ला तर सपशेल नापास केले होते. दारात उभे राहून घेतलेली परीक्षा ही चित्रपटाची नसतेच मुळी. जाहिरातीने जे कबूल केले होते ते हाती पडले की नाही, एवढाच जाब त्या वेळी माणूस देत असतो. लग्नाच्या पंगतीतून उठलेल्या पाहुण्याला जेवण कसे झाले म्हणून विचारावे, आणि त्याने जिलबीचा निरोप होता, बुंदी वाढली म्हणून कुरकुर करावी, तसे ते असते. बुंदी कशी होती हे दुसऱ्या दिवशी विचारावे.

तर जिलबी कोणती आणि बुंदी कोणती, हे कळण्यासाठी गोष्ट सांगणे भाग आहे. ज्यांना ती चित्रपटातूनच समजून घ्यायची असेल त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडावेत.

काळ १९९०च्या दशकाचा, प्रांत ऑरेगन. ली हार्कर ही एफबीआयमधली तरुण, अबोल पोरगी; तिला काही गोष्टी न सांगता कळतात. तिच्याकडे एक जुने प्रकरण येते. तीस वर्षांत दहा घरांत एकच प्रकार घडलेला: सालस, कुटुंबवत्सल बाप एके दिवशी बायको-मुलांना मारतो आणि स्वतः मरतो. बाहेरचा माणूस घरात शिरल्याची खूण नाही. पण प्रत्येक ठिकाणी सांकेतिक लिपीतले एक पत्र, खाली सही ‘लाँगलेग्ज’. प्रत्येक घरात एक मुलगी, तिचा जन्म महिन्याच्या चौदा तारखेचा. इथपर्यंत प्रेक्षक पुढे सरकून बसलेला असतो. त्याला १९९१ सालचा ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज’ आठवतो, १९९५ सालचा ‘सेव्हन’ आठवतो. आता ही पोरगी धागा धागा जुळवणार, तारखा मांडणार, लिपी सोडवणार आणि खुनी न शिरता खून कसा करतो याचा उलगडा होणार.

उलगडा होतो, पण तो भलताच. खुनी चित्रपट संपायच्या बराच आधी पकडला जातो आणि चौकशीच्या टेबलावर स्वतःचे तोंड आपटून आपटून मरतो. मग कळते की तो बाहुल्या करी. त्या बाहुल्यांच्या डोक्यात धातूचा एक गोळा असे आणि त्या गोळ्यात सैतान. बाहुली घरात गेली की बापाच्या अंगात येई. आणि ती घरोघर पोचवी कोण? जोगिणीच्या वेशातली एक बाई. ती बाई म्हणजे लीचीच आई. मुलीचा जीव वाचावा म्हणून तिने हा सौदा केलेला, आणि मुलीला आयुष्यभर अंधारात ठेवलेले.

भांडण लागले ते इथे. एक पक्ष म्हणाला, आम्ही हिशेब मांडत बसलो होतो आणि तुम्ही उत्तराच्या जागी सैतान लिहिलात. ही फसवणूक आहे. दुसरा पक्ष म्हणाला, फलकावर सैतानाच्या खुणा ढळढळीत होत्या, तुम्ही त्या खुन्याच्या वेडात जमा केल्यात हा दोष कोणाचा? तिसरा पक्ष मला सर्वांत गमतीचा वाटतो. त्याचे म्हणणे असे की सैतान चालेल, पण तो समजावून सांगू नका! शेवटाकडे आई सगळी हकीकत कथन करते, त्या कथनानेच आमची भीती पळाली.

हे तिन्ही पक्ष नवे नाहीत. या भांडणाचा इतिहास आहे, आणि योगायोग असा की तो ‘लाँगलेग्ज’च्या दिग्दर्शकाच्या घरातूनच जातो. दिग्दर्शकाचे नाव ऑसगुड पर्किन्स. त्याचा बाप अँथनी पर्किन्स; म्हणजे १९६० सालच्या ‘सायको’मधला नॉर्मन बेट्स.

भीतीचा डांगोरा पिटण्याचे शास्त्र ‘सायको’च्या आधी दोनच वर्षे विल्यम कॅसल नावाच्या एका इरसाल निर्मात्याने पुढे नेऊन ठेवले होते. आमच्या लहानपणी जत्रेत तंबूतला सिनेमा येई, तेव्हा कर्णा लावलेली गाडी गावातून फिरे आणि आतला माणूस बायकापोरांनी जपून यावे म्हणून बजावी. त्या माणसाचा हा अमेरिकेतला थोरला भाऊ. १९५८ साली ‘मकाब्र’ या चित्रपटासाठी त्याने प्रत्येक प्रेक्षकाचा लंडनच्या लॉइड्सकडे एक हजार डॉलरांचा विमा उतरवला: भीतीने मेलात तर वारसांना रक्कम मिळेल. दुसऱ्या वर्षी ‘हाउस ऑन हाँटेड हिल’च्या वेळी प्रेक्षकांच्या डोक्यावरून तारेने सांगाडा फिरवला, आणि ‘द टिंगलर’च्या वेळी काही खुर्च्यांखाली मोटारी बसवून ऐन वेळी त्या थरथरवल्या. १९६१ साली ‘होमिसायडल’मध्ये शेवटाआधी चित्रपट थांबे आणि ज्यांना पुढचे सोसवणार नाही त्यांनी पैसे परत घ्यावेत अशी घोषणा होई, मात्र तसे करणाऱ्याला ‘भित्र्यांचा कोपरा’ म्हणून मांडलेल्या जागी सर्वांदेखत उभे राहावे लागे. आपल्याकडे २००८ साली रामगोपाल वर्मा यांनी ‘फूँक’ एकट्याने थिएटरात बसून पाहणाऱ्याला पाच लाख रुपये देऊ केले, तो याच घराण्यातला प्रकार. कॅसलच्या खेळाला आलेला माणूस हसायच्या तयारीने येई, घाबरला तर तो नफा. म्हणून त्याच्यावर कोणी फसवणुकीचा आरोप केला नाही.

आल्फ्रेड हिचकॉकने तीच जाहिरातबाजी उचलली आणि तिच्यामागे खरा चित्रपट ठेवला. रॉबर्ट ब्लॉकची कादंबरी १९५९ साली आली होती. विस्कॉन्सिनमधल्या प्लेनफील्ड नावाच्या खेड्यात १९५७ साली एड गीन नावाचा माणूस पकडला गेला. त्याच्या घरात जे सापडले ते इथे दिवाळीच्या अंकात लिहू नये. ब्लॉक त्याच मुलुखात राहत होता. शेजारी कोण राहतो हे गावाला कळू नये, ही एवढीच कल्पना त्याने त्यातून उचलली. हिचकॉकने आपले नाव न कळू देता हक्क घेतले. पॅरामाउंट कंपनी नाक मुरडत होती. तेव्हा त्याने आपला दूरदर्शन-मालिकेचा तांडा घेतला, रंगीत सोडून काळा-पांढरा फिल्म घेतला, आपले मानधन सोडून त्याऐवजी साठ टक्के मालकी घेतली आणि आठ लाख डॉलरांच्या आसपास चित्रपट उरकला. चित्रीकरण चालू असताना आईच्या भूमिकेसाठी मोठमोठ्या वयस्क नट्यांचा विचार चालला आहे अशा वावड्या त्याने स्वतःच सोडल्या. ज्यांनी चित्रपट पाहिला आहे त्यांना या थापेची खुमारी कळेल.

मग जून १९६०. समीक्षकांसाठी आगाऊ खेळ नाही; त्यांनी तिकीट काढून लोकांत बसावे. चित्रपट सुरू झाला की दार बंद, मग कोणीही येवो. लॉबीत हिचकॉकचा पुठ्ठ्याचा पुतळा घड्याळाकडे बोट दाखवीत उभा. थिएटरवाल्यांना नियमांची पुस्तिका छापून पाठवलेली, न्यूयॉर्कच्या थिएटरांच्या दारांवर पहारेकरी. आपल्या वाचकाला यात नवल वाटायचे नाही, कारण आपल्याकडे तीन, सहा, नऊचे खेळ ठरलेले. पण अमेरिकेत तेव्हा चित्रपट दिवसभर चक्रीसारखा फिरत असे. माणसे मनाला येईल तेव्हा आत शिरत, मधूनच पाहत आणि आपण आलो तो भाग पुन्हा आला की उठून जात. त्यांना प्रथमच रांगेत उभे केले गेले. आणि या नियमाला कारण होते. नायिका जॅनेट ली तासाच्या आतच न्हाणीघरात मारली जाते. उशिरा येणारा तिची वाट पाहत बसला असता. म्हणजे नियम जाहिरातीचा होता तसा गोष्टीचाही होता. जाहिरात आणि गोष्ट अशी एकमेकांत मुरलेली मी तरी दुसरीकडे पाहिली नाही.

प्रतिक्रिया मात्र तेव्हाही दुभंगलेल्याच. लोक किंचाळत होते, धावत बाहेर येत होते आणि पुन्हा तिकीट काढत होते. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या बॉस्ली क्राउथरने प्रथम थंडपणे लिहिले, आणि वर्षाअखेर त्याच चित्रपटाला वर्षातल्या दहा उत्तम चित्रपटांत बसवले. लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’मध्ये वर्षानुवर्षे लिहिणारी सी. ए. लेझून तर शेवट न पाहताच उठून गेली, आणि ते वर्ष संपता संपता तिने समीक्षेची जागाच सोडली. तिचा वैताग मला समजतो. तिने आयुष्यभर जो चित्रपट पाहिला आणि जपला, तो त्या न्हाणीघरात वाहून जाताना तिने पाहिला असेल.

आणि आता तो तिसरा पक्ष. ‘सायको’च्या शेवटाला एक मानसोपचारतज्ज्ञ उभा राहतो आणि नॉर्मनच्या मनात आई कशी घर करून बसली आहे हे फळ्यावर लिहावे तसे समजावून देतो. आम्ही मास्तर लोकसुद्धा इतके समजावत नाही. हा प्रसंग नसता तर बरे झाले असते, असे तेव्हापासून आजपर्यंत लोक म्हणत आले आहेत. १९६० साली खुनाचा उलगडा मनोविश्लेषणाने करण्याची फॅशन होती. चौसष्ट वर्षांनी त्याच नटाच्या मुलाने खुनाचा उलगडा सैतानाने केला. दोन्ही वेळा प्रेक्षकाने तोंड वाकडे केले. म्हणजे त्याचे वाकडे ना फ्रॉइडशी आहे ना सैतानाशी. आपण घाबरलो कशाला हे कळावे असे त्याला वाटते, आणि कळले की आपण उगीच घाबरलो असे वाटून तो सांगणाऱ्यावर चिडतो.

डांगोरा न पिटता असाच चित्रपट आला तर काय होते, याचेही उदाहरण त्याच वर्षीचे आहे. मायकेल पॉवेल हा इंग्लंडचा मान्यवर दिग्दर्शक. त्याचा ‘पीपिंग टॉम’ ‘सायको’च्या दोन महिने आधी लंडनला लागला. त्यात एक लाजाळू तरुण कॅमेऱ्याच्या तिकाटण्यात लपवलेल्या पात्याने बायकांना मारतो आणि मरतानाची त्यांची भीती चित्रित करतो. लहानपणी त्याच्या बापाने त्याच्यावरच भीतीचे प्रयोग केलेले असतात. त्या घरगुती चित्रफितींत बापाचे काम स्वतः पॉवेलने आणि मुलाचे काम त्याच्या खऱ्या मुलाने केले आहे. समीक्षकांनी हा चित्रपट लोकांच्या आधी पाहिला आणि असा काही तुटून पडले की तो लवकरच थिएटरांतून गेला, आणि पॉवेलची इंग्लंडमधली कारकीर्द जवळजवळ संपली. १९७९ साली न्यूयॉर्कच्या महोत्सवात मार्टिन स्कॉर्सेसीच्या खटपटीने तो पुन्हा दाखवला गेला तेव्हा लोकांना कळले की हा ‘सायको’च्या तोडीचा चित्रपट आहे. एकोणीस वर्षे! हिचकॉकने समीक्षकांना दाराबाहेर ठेवले नसते तर काय झाले असते, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

१९७३ सालच्या ‘द एक्झॉर्सिस्ट’वर फार लिहीत नाही, त्यावर पुष्कळ लिहून झाले आहे. रांगा लागल्या, माणसे चक्कर येऊन पडली, पॉलीन केलसारख्या मोठ्या समीक्षकांनी झोडपले, दहा ऑस्कर नामांकने मिळाली. त्यातही उत्तर सैतान हेच आहे. पण तिथे कोणी फसवल्याची तक्रार केली नाही, कारण दारावर पाटीच तशी होती. भूत उतरवणाऱ्याची गोष्ट पाहायला गेलेला माणूस भूत निघाले म्हणून कसा रागावेल? उलट १९९९ साली ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’वाल्यांनी पाटीच खोटी लावली. तीन तरुण जंगलात बेपत्ता झाले, त्यांनी काढलेली फिल्म सापडली ती ही, असे सांगितले, शोधपत्रके वाटली, नटांची नावे मृतांत दाखवली. हजारांत केलेल्या त्या चित्रपटाने चोवीस कोटी डॉलरांच्या वर मिळवले. त्यालाही दारातली श्रेणी ‘सी प्लस’च. पडद्यावर चेटकीण कधीच दिसत नाही. निम्मे लोक म्हणाले, म्हणून तर भीती वाटली. निम्मे म्हणाले, पैसे झाडाझुडपांचे दिले काय आम्ही?

पण सैतानाचे उत्तर फक्त चित्रपटातच येते असे समजू नये. ‘लाँगलेग्ज’ने ज्या काळात गोष्ट घातली त्याच्या पाठीमागे अमेरिकेच्या खऱ्या भयाची तीस वर्षे उभी आहेत. १९६९ साली स्वतःला ‘झोडिअॅक’ म्हणवणाऱ्या खुन्याने कॅलिफोर्नियातल्या तीन वर्तमानपत्रांना सांकेतिक लिपीतला मजकूर पाठवला. पोलीस नि गुप्तहेर खात्यातली माणसे डोके खाजवीत असताना तो सोडवला कोणी? सॅलिनास गावच्या एका शाळामास्तराने आणि त्याच्या बायकोने, घरच्या टेबलावर, आठवडाभरात. (आमच्या धंद्याला एवढा मान सहसा मिळत नाही, म्हणून ही नोंद.) त्याची दुसरी लिपी सुटायला २०२० साल उजाडावे लागले, खुनी कोण हे आजही सुटलेले नाही. १९७६-७७ साली न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड बर्कोविट्झने सहा जणांना गोळ्या घातल्या आणि पकडल्यावर सांगितले की शेजाऱ्याच्या कुत्र्यात शिरलेल्या पिशाच्चाने आपल्याला हुकूम केला. दीड-दोन वर्षांनी त्यानेच ती बतावणी असल्याचे कबूल केले. पण लोकांच्या ध्यानात राहिला आहे तो कुत्राच.

पुढे तर सैतान घराघरांत शिरला. १९८३ साली कॅलिफोर्नियातल्या मॅकमार्टिन नावाच्या बालवाडीतील शिक्षकांवर मुलांशी सैतानी विधी केल्याचे आरोप झाले. चौकशी करणाऱ्यांनी मुलांना पढवून पढवून विचारले. मुलांनी बोगद्यांच्या आणि उडणाऱ्या चेटकिणींच्या हकीकती सांगितल्या. खटला १९९० पर्यंत चालला, कोट्यवधी डॉलर खर्च झाले आणि एकालाही शिक्षा झाली नाही. त्या साऱ्या वर्षांत देशभर असल्या प्रकरणांचे पेव फुटले होते आणि काही निरपराध माणसे तुरुंगात सडली. ही हकीकत वाचताना मास्तर म्हणून माझ्या पोटात गोळा आला होता. ‘लाँगलेग्ज’ पाहताना तसा आला नाही. ज्या अमेरिकन प्रेक्षकाने हे दशक भोगले आहे, त्याला सैतान हे उत्तर नुसते बाळबोध नव्हे तर धोक्याचेही वाटले असेल. खऱ्या आयुष्यात हे उत्तर दिले गेले तेव्हा खरी माणसे गजाआड गेली होती.

मुंबईकरांनाही हे अगदीच अपरिचित नाही. १९६८ साली उत्तरेकडच्या उपनगरांत झोपड्यांत नि पदपथांवर झोपलेल्या गोरगरिबांच्या डोक्यात रात्री लोखंडी दांडा घालून कोणी खून पाडत होते. तेव्हा खुनी मांजर होतो, पोपट होतो अशा अफवा उठल्या होत्या. रमाकांत कुलकर्णी यांच्या हाताखालच्या पोलिसांनी ऑगस्टमध्ये रामन राघव पकडला, तो मांजर नव्हता. मनाने पार बिघडलेला माणूस होता. न्यायालयाने दिलेली फाशी पुढे त्याच्या वेडामुळे १९८७ साली जन्मठेपेवर आली. अफवा पिकवणारे खोटारडे होते असे मी म्हणणार नाही. दाराला कडी नसलेल्या माणसाला मांजराची भीती बरी वाटते. माणसाची भीती घेऊन उद्या त्याच पदपथावर कसे झोपायचे?

आता पुन्हा ‘लाँगलेग्ज’. माझे मत विचाराल तर पहिला तासभर हा चित्रपट उत्तम आहे. सुरुवातीच्या प्रसंगात बर्फातल्या अंगणात एक लहान मुलगी उभी आहे आणि तिच्यासमोरच्या माणसाचे डोके चौकटीच्या वर कापले गेले आहे. कारण मुलाच्या उंचीवरून मोठा माणूस तसाच दिसतो. एवढ्या साध्या गोष्टीने जी भीती वाटते ती पुढच्या सगळ्या किंकाळ्यांनी वाटत नाही. केजचा चेहरा लपवून लपवून जाहिरातीने तो इतका मोठा केला की प्रत्यक्ष दिसला तेव्हा तो बापडा कोणत्याही चेहऱ्याला झेपण्यासारखा राहिला नव्हता. हसणाऱ्यांना मी दोष देत नाही. बाहुलीचेही तसेच. १९८८ सालच्या ‘चाइल्ड्स प्ले’मध्ये खुन्याचा आत्मा बाहुल्यात शिरतो, त्याच कल्पनेवरून महेश कोठारे यांनी १९९३ साली ‘झपाटलेला’ काढला आणि रामदास पाध्ये यांच्या हातातल्या तात्या विंचूने मराठी मुलांची एक पिढी घाबरवली नि हसवली. त्या पिढीचा कोणी मराठी माणूस अमेरिकेतल्या थिएटरात बसला असेल, तर बाहुलीचे डोके उघडताच त्याला दिलीप प्रभावळकर आठवले असणार. तिथे दिग्दर्शकाचा इलाज नाही.

पण जाहिरातीने एक गोष्ट खरोखरच लपवली आणि ती तिलाही बहुधा ठाऊक नसावी. फलकावर खुनी होता; गोष्ट आईची होती. अँथनी पर्किन्स पाच वर्षांचा असताना त्याचा नट असलेला बाप वारला. त्या आजोबांचेच नाव या दिग्दर्शकाला ठेवलेले. अँथनीने आपल्या आयुष्यातले पुष्कळ जगापासून झाकून ठेवले. १२ सप्टेंबर १९९२ रोजी तो एड्सने गेला, तोवर दुखणेही झाकलेलेच होते. घरात मुलांपासून काय झाकायचे हे सांभाळण्याचे काम आईचे, बेरी बेरेन्सनचे. मुलांवरच्या मायेपोटी आई खोटे बोलू शकते, या एका गोष्टीतून ‘लाँगलेग्ज’ निघाला असे ऑसगुडने मुलाखतींतून सांगितले आहे. त्या आईला विचारायला आता जागा नाही. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कच्या मनोऱ्यावर आदळलेल्या पहिल्या विमानात ती होती. आणि याच ऑसगुडने लहानपणी, १९८३ सालच्या ‘सायको २’मध्ये, छोट्या नॉर्मनचे काम केले होते. पोराला पहिली भूमिका मिळाली ती आईने बिघडवलेल्या मुलाची, आणि तीही बापाच्याच लहानपणाची.

हे कळल्यावर सैतानाच्या गोळ्याबद्दलची माझी तक्रार संपत नाही; तो गोळा मला अजूनही पोरकटच वाटतो. पण जोगिणीच्या वेशात, हातात पेटी घेऊन, लोकांच्या दारात उभी राहणारी ती आई वाटत नाही. ॲलिशिया विट या नटीने ते काम फार संयमाने केले आहे. दारातल्या कार्डावर तिच्यासाठी रकाना नव्हता.

त्याच २०२४ साली, ‘लाँगलेग्ज’नंतर दोनच महिन्यांनी, १३ सप्टेंबरला आपल्याकडे राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ पुन्हा थिएटरांत लागला. २०१८ साली तो आला तेव्हा थोड्यांनीच पाहिला होता. मधल्या सहा वर्षांत लोकांनी तो घरच्या पडद्यावर पाहिला, एकमेकांना सांगितला, आणि दुसऱ्या फेरीत त्याने पहिल्या फेरीपेक्षा जास्त पैसे मिळवले. त्यातल्या भुकेल्या म्हातारीचे मूळ नारायण धारपांच्या एका गोष्टीत आहे; दिग्दर्शकाने ती म्हणे पोरवयात मित्राच्या तोंडून, रात्री, जंगलात ऐकली होती. धारप २००८ सालीच गेले.